मूड सुधारला, पण डोकं पहिल्यासारखं चालत नाही: डिप्रेशनचे प्रकार आणि विचारशक्ती

रानजाई (धागाकर्ती):

डिप्रेशनबद्दल बोलताना सगळा भर उदासीवर असतो. रडू येतं का, झोप लागते का, भूक आहे का, जगणं नकोसं वाटतं का. हे विचारायलाच हवं. पण डोकं चालतंय का, हे फार कमी वेळा विचारलं जातं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांची नोकरी आणि घर नेमकं तिथेच अडतं.

मला वारंवार येणारं डिप्रेशन आहे. निदान मेलँकोलिक प्रकाराचं. पहाटे तीनच्या सुमाराला जाग येणं, सकाळ सगळ्यात वाईट जाणं, चांगली बातमी आली तरी मन न हलणं, बोलणं-चालणं संथ होणं. मी अकाउंट्सचं काम करते. आजार भरात असताना व्हाउचरवरचा आकडा वाचायचा आणि की-बोर्डवर बोट ठेवेपर्यंत तो डोक्यातून गेलेला असायचा. ४७,३५० मधले ४७ आठवायचे, पुढचं नाही. घरी उपमा करायला घेतला तर रवा भाजून झाला, कांदा चिरून झाला, आणि आता फोडणी की पाणी, हेच ठरेना. उपमा मी शाळेत असल्यापासून करते. कुणी विचारलं असतं तर सगळी कृती सांगितली असती. पण हातात झारा असताना पुढची पायरी सुचत नव्हती.

औषधं लागू पडली. हसायला लागले, जेवायला लागले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. कामावर रुजू झाले तेव्हा लक्षात आलं की मूड आला तरी डोकं मागेच आहे. दोघं एकदम बोलली तर एकाचंही समजत नव्हतं. जीएसटीची जुळणी करताना मध्येच फोन आला की परत पहिल्या ओळीपासून सुरुवात.

मग वाचायला लागले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांमध्ये डिप्रेशनची नऊ लक्षणं दिली आहेत. विचार करायला, लक्ष केंद्रित करायला किंवा निर्णय घ्यायला जड जाणं हे त्यांतलंच एक. म्हणजे हा आजाराचाच भाग आहे, आळस नाही. नेदरलँड्समध्ये रुग्णांचा तीन वर्षं पाठपुरावा करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डिप्रेशनच्या काळात लोकांना ८५ ते ९४ टक्के वेळ अशा अडचणी होत्या, हे ठीकच. पण आजार ओसरलेल्या काळातही ३९ ते ४४ टक्के वेळ त्या होत्या! हे वाचून मला फार धीर आला, कारण तोवर हे फक्त माझंच होतंय असं वाटायचं.

डिप्रेशनचे प्रकार अनेक. सगळ्यांत डोक्यावर होणारा परिणाम सारखाच असतो का? ज्यांना अनुभव आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया लिहावं.

निशिगंधा:

फार गरजेचा धागा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. तुमचं उपम्याचं उदाहरण मी यापुढे विद्यार्थ्यांना सांगणार आहे. स्मरण शाबूत, पण पायऱ्यांचा क्रम लावणं, एक पायरी सोडून दुसरीवर जाणं अवघड. याला आम्ही एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतो आणि डिप्रेशनमध्ये सगळ्यात जास्त ओढाताण इथेच होते. त्याखालोखाल विचारांचा वेग, टिकून राहणारं लक्ष आणि नवीन गोष्ट शिकून लक्षात ठेवणं. भाषा, ओळखीचे रस्ते, पाठ असलेली स्तोत्रं, सायकल चालवणं हे सहसा जागच्या जागी असतं.

एक सोपी चाचणी सांगते. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. १९३५ साली स्ट्रूप यांनी ही मांडली. वाचण्याची सवय इतकी पक्की असते की ती दाबून ‘हिरवा’ म्हणायला मेंदूला जोर लावावा लागतो. डिप्रेशनमध्ये तो जोर कमी पडतो. उत्तर चुकतंच असं नाही, पण वेळ लागतो.

आता प्रकार. सायकोटिक डिप्रेशनमध्ये, म्हणजे ‘माझ्यामुळे घर धुळीला मिळालं’, ‘पोलीस येणार आहेत’ असे भ्रम सोबत असतात तिथे, शाब्दिक स्मरण, वेग आणि नियोजन या तिन्हींवर सगळ्यात मोठा परिणाम दिसतो. मेलँकोलिक त्याखालोखाल. सिडनीच्या गॉर्डन पार्कर यांनी मेलँकोलिया ओळखायला एक मोजपट्टी केली आहे. रुग्ण काय सांगतो यापेक्षा तो कसा दिसतो यावर तिचा भर आहे: उत्तर द्यायला लागणारा वेळ, चेहऱ्याची हालचाल, चालण्याचा वेग, अशी अठरा चिन्हं. शरीराची संथगती आणि विचारांची संथगती बहुधा एकाच मुळातून येतात, म्हणून मला ही कल्पना फार पटते.

एटिपिकल प्रकारात झोप आणि भूक वाढते, हातपाय शिशासारखे जड होतात, कुणी जरा नाकारलं तरी मन फार दुखावतं, पण चांगली बातमी आली की मूड थोडा वेळ खुलतो. या लोकांना डोकं जड असल्यासारखं खूप वाटतं, पण चाचण्यांत त्यांचे आकडे मेलँकोलिक रुग्णांपेक्षा बरेचदा बरे येतात. त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो असं माझं मत आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून त्यांना परत पाठवतात आणि त्यांचा त्रास तसाच राहतो.

हे सगळं सरासरीचं चित्र आहे. नुसत्या चाचणीवरून प्रकार सांगता येत नाही.

वाईकर:

वाचतोय. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ७४, निवृत्त शिक्षक, आयुष्यभर गणित शिकवलं. गेल्या वर्षी आई गेली, त्यानंतर ते पार गप्प झाले. आता नातवाचं नाव आठवत नाही म्हणतात, पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही म्हणतात. काही विचारलं की ‘मला नाही सांगता येणार, माझं डोकं गेलं आता’. काका म्हणतात म्हातारचळ आहे, स्वीकारा. हा डिमेन्शिया की डिप्रेशन, कसं ओळखायचं?

निशिगंधा:

वाईकर, आधी बाबांना मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. स्वीकारून बसू नका. तुम्ही लिहिलंय तशा चित्राला लेस्ली किलोह यांनी १९६१ साली एका लेखातून ‘स्यूडोडिमेन्शिया’ हे नाव रूढ केलं. दिसायला डिमेन्शिया, मुळात डिप्रेशन.

बसल्या बसल्या फरक सांगता येत नाही, पण काही गोष्टी आम्ही नीट ऐकतो. डिप्रेशनमधला माणूस स्वतःच्या विसरण्याची तक्रार स्वतःच करतो, पुन्हा पुन्हा करतो, आणि प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच ‘माहीत नाही’ म्हणून सोडून देतो. अल्झायमर्सच्या सुरुवातीला बरेचदा उलटं असतं. तक्रार घरचे करतात, आणि माणूस प्रयत्न करून आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतो. दुसरं म्हणजे सुरुवात. ‘आई गेल्यानंतर’ असं तुम्ही सांगू शकता. डिमेन्शियात नेमकी वेळ सहसा सांगता येत नाही. तिसरं, इशारा दिल्यावर काय होतं? पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले आणि ‘त्यात एक फळ होतं’ अशी मदत केली, तर डिप्रेशनच्या रुग्णाला बरेचदा आठवतं. शब्द आत गेलेला असतो, काढायला जोर कमी पडतो. अल्झायमर्समध्ये शब्द साठलेलाच नसतो, त्यामुळे इशाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही.

उतारवयात पहिल्यांदाच डिप्रेशन आलं तर रक्तवाहिन्यांचाही विचार करावा लागतो. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातल्या बारीक वाहिन्या खराब होतात आणि पुढच्या भागाशी जाणारे दुवे कमजोर पडतात. १९९७ साली जॉर्ज अलेक्झोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हॅस्क्युलर डिप्रेशन’ ही कल्पना मांडली. या रुग्णांत उदासीपेक्षा निरिच्छपणा जास्त दिसतो, नियोजन ढासळतं आणि गोळ्यांना प्रतिसादही जरा उशिरा मिळतो.

आणि एक गोष्ट मी कुठल्याच घरच्यांपासून लपवत नाही. उपचारांनी स्मरण सुधारलं तरी अशा वृद्धांना पुढे खरा डिमेन्शिया होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून बरे झाले तरी वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका.

थायरॉइड आणि बी १२ तपासलंत का?

वाईकर:

नाही तपासलं. सोमवारी घेऊन जातो. बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, आई गेल्यापासून दूधही बंद केलंय.

मनोहर_ना:

बी १२ बद्दल थोडं. हा आपल्याकडे घराघरातला प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी १२ कमी निघालं होतं. या कमतरतेने विसराळूपणा, उदासी, पायांना मुंग्या हे सगळं होऊ शकतं. डिप्रेशन आहे म्हणून हे तपासायचं नाही असं होऊ नये, आणि बी १२ कमी निघालं म्हणून डिप्रेशन नाही असंही नाही. दोन्ही एकदम असू शकतं.

तांबडमाती:

मी बायपोलर आहे, वय २९. लोकांना वाटतं मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा बेफाम काळ, हाच आमचा त्रास. खरं तर आयुष्याचा मोठा भाग डिप्रेशनमध्येच जातो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचो. चांगल्या काळात एकदा वाचलेलं डोक्यात बसायचं. डिप्रेशनमध्ये राज्यघटनेची कलमं सकाळी पाठ, दुपारी पाटी कोरी. अगदी ठीक असतानाही यादी लक्षात ठेवणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मित्र म्हणतात गोळ्यांमुळे होतंय, बंद कर. गोळ्यांमुळेच होतं का हे?

निशिगंधा:

तांबडमाती, गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ही कळकळीची विनंती. प्रत्येक नवा झटका, विशेषतः मॅनियाचा, डोक्याला महागात पडतो. आतापर्यंतच्या अभ्यासांत असं दिसतं की मॅनिया जितके जास्त वेळा येऊन गेले, तितकं स्मरण आणि लक्ष मधल्या काळातही कमी असतं. झटके थांबवणं हेच तुमच्या स्मरणशक्तीचं पहिलं संरक्षण आहे.

बायपोलरमध्ये शाब्दिक स्मरण आणि लक्ष यांतली तूट दोन झटक्यांच्या मधल्या, ठीकठाक काळातही राहते हे खरं आहे. साध्या डिप्रेशनमध्येही थोडं मागे राहतं, पण इथे ते जास्त ठळक असतं. गोळ्यांचा वाटाही कधी कधी असतो. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमने काही जणांना मंद वाटतं, आणि त्याने थायरॉइड कमी होऊ शकतं, जे स्वतःच डोकं मंद करतं. त्यामुळे थायरॉइड आणि लिथियमची रक्तातली पातळी वेळच्या वेळी तपासा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘मला यादी लक्षात राहत नाही’. नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणू नका. एवढ्या नेमक्या तक्रारीवर डोस, वेळ, जोडीची गोळी असं बरंच काही बदलता येतं.

बाकी सर्वांसाठी: झोपेसाठी किंवा घाबरल्यावर घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या लांबवल्या तर नवीन गोष्टी लक्षात राहणं कमी होतं. एमिट्रिप्टिलिनसारखी डिप्रेशनवरची जुनी औषधं वृद्धांच्या स्मरणावर परिणाम करतात. इथेही तेच: डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची, एकदम तोडायची नाही.

गिरीश_प:

विरोधासाठी विरोध नाही, मनातली शंका आहे. माझ्या हाताखाली बारा जणांची टीम आहे. विसरणं, टाळाटाळ, निर्णय न घेणं हे सगळ्यांचंच कधी ना कधी होतं. प्रत्येक वेळी आजार म्हटलं तर माणूस प्रयत्नच सोडेल ना?

रानजाई:

गिरीश, शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. टाळाटाळ करणारा माणूस आवडीच्या कामात चपळ असतो. मला आवडीचं कामही जमत नव्हतं. शब्दकोडं हा माझा जीव की प्राण, आणि त्यातली आडवी-उभी चौकटसुद्धा नजरेत धरता येत नव्हती. दुसरं, यात प्रयत्न कमी नसतो. उलट एका साध्या ई-मेलला इतका प्रयत्न लागायचा की त्यानंतर दिवसभरासाठी काही उरत नसे.

तुमच्या टीममधला एखादा पूर्वी चोख असलेला माणूस काही आठवड्यांत असा बदलला, तर तो फरक बघा. त्याची इतरांशी तुलना नको, त्याच्याच जुन्या कामाशी करा.

निशिगंधा:

रानजाईशी शंभर टक्के सहमत. यात एक गोष्ट घालते, कारण ती मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते.

१९८६ साली मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादी नेमकी आठवण सांगायला सांगितली. समजा शब्द आहे ‘आनंद’. निरोगी माणूस म्हणतो, ‘दहावीचा निकाल लागला त्या दुपारी आत्याने दारातच पेढा भरवला’. हे रुग्ण म्हणाले, उदाहरणादाखल, ‘सुट्टीत मामाकडे जायचो तेव्हा’. एक दिवस, एक जागा, एक माणूस समोर येत नाही, सगळं सरसकट येतं. नंतर हेच डिप्रेशनमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आणि काही जणांत बरं झाल्यावरही टिकलं.

याचा परिणाम रोजच्या जगण्यावर होतो. ‘मागच्या वेळी अशी अडचण आली तेव्हा मी काय केलं होतं?’ याचं उत्तर नेमक्या आठवणीतून येतं. ती हाताशी नसेल तर माणसाला वाटतं, मला कधीच काही जमलं नाही. त्यात मनात तेच तेच विचार घोळत राहतात. डोक्यात एका वेळी धरून ठेवण्याची जागा मुळात थोडी, त्यातली बरीच या विचारांनी व्यापलेली. गिरीश, अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हटलं तर त्याच्या डोक्यात आणखी एक विचार घोळायला लागतो, बाकी काही होत नाही. त्याला काम लेखी द्या, एका वेळी एक द्या, मुदत ठरवून द्या. त्याने तो प्रयत्न सोडणार नाही, उलट त्याचा प्रयत्न कामी येईल.

गिरीश_प:

पटलं. लेखी देण्याचं उद्यापासूनच सुरू करतो. एका सहकाऱ्याचं नाव मनात आलंय.

शेवंती_७:

माझ्या आईला सायकोटिक डिप्रेशन होतं. घरात पैसा उरला नाही, आपण सगळे रस्त्यावर येणार, असा पक्का समज. बँकेचं पासबुक दाखवलं तरी म्हणायची, हे खोटं छापलंय. जेवण सोडलं तेव्हा डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट सुचवली. भूल देऊन केली. ती जेवायला लागली, भ्रम गेला, आम्हाला आई परत मिळाली. पण त्या दोन-तीन महिन्यांतलं तिला जवळजवळ काहीच आठवत नाही. मावशी भेटायला आली होती, तेही नाही. हे कायमचं का?

निशिगंधा:

शेवंती, आई बऱ्या आहेत हे वाचून खूप बरं वाटलं. ईसीटीच्या आसपासच्या आठवड्यांतल्या, कधी महिन्यांतल्या आठवणी जाणं हे माहीत असलेलं आहे आणि त्यातल्या काही परत येत नाहीत. पण नवीन शिकण्याची, लक्षात ठेवण्याची क्षमता सहसा परत येते. २०१० साली सेमकोव्स्का आणि मॅकलॉक्लिन यांनी ८४ अभ्यास एकत्र करून बघितले. बहुतेक तूट पहिल्या तीन दिवसांत होती, आणि पंधरा दिवसांनंतर बऱ्याच चाचण्यांत रुग्ण उपचारांपूर्वीपेक्षा चांगले होते. तुमच्या आईंच्या बाबतीत त्या काळातला स्वतः आजारही स्मरणाच्या आड येत होता, हेही धरा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

विनीता_विनिपेग:

इथे कॅनडात सीझनल, म्हणजे ठरावीक ऋतूत येणाऱ्या, डिप्रेशनचा अनुभव आहे म्हणून दोन ओळी. नोव्हेंबर लागला की झोप वाढते, गोड खावंसं वाटतं आणि मीटिंगमध्ये शब्द सापडत नाहीत. मार्च-एप्रिलला आपोआप मोकळं होतं. १९८४ साली नॉर्मन रोझेंथल यांनी याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. मला सकाळी उठल्या उठल्या १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसण्याचा उपयोग होतो. बायपोलर असणाऱ्यांनी मात्र हा दिवा डॉक्टरांना विचारूनच वापरावा, त्याने मॅनिया होऊ शकतो.

फोंडेकर:

गोव्यातून. ज्यांना औषधांसोबत आणखी काही हवं आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडे संगत संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम’ करून बघितला. तो चालवणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली गावातलीच माणसं होती. सहा ते आठ भेटी. भर एकाच गोष्टीवर: मूड येण्याची वाट न बघता दिवसात छोटी छोटी कामं ठरवायची आणि करायची. तीव्र डिप्रेशनच्या ४९५ जणांवरचा हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी कार्यक्रम घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के.

माझ्या घरात हे झालेलं आहे म्हणून सांगतो. ‘फिरायला जा’ म्हटल्याने काही होत नाही. ‘पाच वाजता चपला घालायच्या, देवळापर्यंत जायचं, येताना पाव आणायचे’ हे कागदावर असेल तर होतं.

निशिगंधा:

फोंडेकर, तुमच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. नियोजन करणारा भाग थकलेला असताना नियोजन कागदावर काढून ठेवायचं. औषधांमध्ये व्होर्टिओक्सेटीनचा विचारांच्या वेगावर थोडा चांगला परिणाम दिसला आणि २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तशी माहिती त्याच्या पत्रकात घालू दिली. पण तो परिणाम माफक आहे आणि ते सगळ्यांसाठी नाही.

आणि कुणाला आत्ता या क्षणी जगणं नकोसं वाटत असेल तर धाग्यावर उत्तराची वाट बघू नका. टेली मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

तांबडमाती:

निशिगंधाताई, थायरॉइडची चिठ्ठी घेतली आज. डॉक्टरांना यादीचंच सांगितलं. त्यांनी स्मरणाची पूर्ण चाचणी करून घ्यायला सांगितली आहे. जाताना काय तयारी करावी?

निशिगंधा:

छान केलंत. झटका भरात असताना चाचणी करू नका, फक्त आजाराचंच माप मिळेल. मूड स्थिर होऊन, गोळ्यांचा डोस न बदलता काही आठवडे गेले की करा. आदल्या रात्री नीट झोपा. चष्मा न्या. ज्येष्ठांनी कानाचं यंत्र विसरू नये, न ऐकू आलेला शब्द न आठवलेला म्हणून धरला जातो. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा, रात्री झोपेची गोळी घेतली असेल तर आवर्जून सांगा. शिक्षण किती, कोणत्या माध्यमात, हेही सांगा, कारण गुणांचा अर्थ त्यावरून लावतात. ज्या भाषेत विचार करता त्याच भाषेत चाचणी मागा. आणि रानजाईंसारखी ज्यांची सकाळ सगळ्यात वाईट जाते, त्यांनी दुपारची वेळ मागून घ्यावी.